वाड्याच्या सागवानी दाराची इलेक्ट्रिक गिटार बनवता येईल का?

तुम्ही विचारलंय की पाडलेल्या वाड्याच्या दाराची सागवानी फळी घरात पडून आहे, तिची इलेक्ट्रिक गिटार होईल का, की त्याला ठरावीक लाकूडच लागतं? होईल. जरूर बनवा. माझी गिटार आजीच्या सागवानी पलंगाच्या फळीची आहे, नऊ वर्षं वाजवतोय.

आधी मनातली भीती काढा. बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार लाकडाची नव्हतीच. १९३२ साली आलेली रिकनबॅकरची ‘फ्राइंग पॅन’ ओतीव ॲल्युमिनियमची होती, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. पुढे १९५०च्या दशकात डॅनइलेक्ट्रोने लाकडी चौकटीवर चक्क हार्डबोर्ड लावला. शाळेत परीक्षेला पॅड न्यायचो, तसला. पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलणारे भाग, बसवले लिपस्टिकच्या नळ्यांत. नवशिक्यांना परवडावी म्हणून काढलेली गिटार, पण लेड झेपेलिन या रॉक बँडचा गिटारवादक जिमी पेज ती मंचावर वाजवायचा.

हे चालतं, कारण आवाज उचलतो तो पिकअप. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात; वर पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज तयार होते. तिथे नायलॉनची तार लावून बघा, ॲम्पमधून (आवाज मोठा करणाऱ्या यंत्रातून) काही येणार नाही. लाकडाचा वाटा अगदीच नाही असं मी म्हणणार नाही, पण पिकअप बदलल्यावर कानाला जो फरक कळतो, त्याच्यापुढे तो मला फार थोडा वाटतो.

तुमच्यासारखंच काम ‘क्वीन’ या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने केलंय. १९६३ साली, शाळकरी वयात, वडिलांबरोबर त्याने घरीच गिटार बनवायला घेतली. नेक, म्हणजे गिटारची लांब मान, जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची; त्यात किडीची भोकं होती, ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या, नेकवरच्या खुणांचे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे. दोनेक वर्षं लागली. आयुष्यभर तो तीच वाजवत आलाय.

आता सागाचं. जुना साग पुरता वाळलेला असतो, आपल्या पावसाळ्यात फारसा हलत नाही. मात्र आत खिळे असतात. राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) लावण्याआधी फळीवरून जोरदार चुंबक फिरवा, मी न फिरवल्यामुळे एक पातं तुटलं आणि तुकडा मनगटाला चाटून गेला. चष्मा आणि मास्क हवाच, सागाचा भुसा घशाला त्रास देतो. साग तेलकट असल्यामुळे डिंक धरत नाही, जोडायची बाजू ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवा. बॉडी ४५ मिलिमीटर जाडीची ठेवलीत तर वजन खांद्याला जाणवेल, म्हणून मागून पोकळ्या काढा आणि त्या झाकायला पातळ फळी लावा.

नेक मात्र पहिल्या वेळी तयार घ्या, ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) असलेली. फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, मापं चुकली तर गिटार कधीच सुरात लागत नाही. ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) किती लांब? नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतच्या अंतराच्या दुप्पट, आणि मागेपुढे सरकवायला थोडी जागा.

दाराच्या कडीचं भोक राहिलं असेल तर बुजवू नका. माझ्या फळीत मच्छरदाणीच्या दांडीचं होतं, तिथेच केबलचा जॅक बसवलाय.