अंतरपाट झकास, नवरी अंधारात!

प्रश्न : नमस्कार दादा, आमच्या ताईचं लग्न मे महिन्यात आहे, नागपुरात वर्धा रोडवरच्या एका लॉनवर, गोरज मुहूर्त. व्हिडिओवाले ठरवले आहेत पण आईचं म्हणणं की घरच्या माणसानं काढलेलं वेगळंच असते, म्हणून मामानं अमेरिकेतून आणलेला जुना हँडीकॅम माझ्या गळ्यात पडला. साखरपुड्यात ट्रायल घेतली तर सगळा सत्यानाश. मागे एलईडी वॉल होती, ताई आणि भाऊजी दोघंही सावलीसारखे दिसून राहिले, हॉलच्या ट्यूबलाईटमध्ये चित्र सारखं लुकलुकत होतं. त्याआधी मावसभावाच्या हळदीत पिवळ्या मांडवाखाली सगळ्यांचे चेहरे निळसर, आजारी असल्यासारखे. कॅमेरा बिघडला काय? नवीन घ्यायला बजेट नाही.
— नवरीचा भाऊ, मानेवाडा

उत्तर : भाऊ, कॅमेरा धड आहे, फक्त तुम्ही सगळं त्याच्यावर सोडून दिलं. ऑटोवरच्या जुन्या हँडीकॅमला नवरी कोण आणि भिंत कोण हे कळत नाही, समोरच्या एकूण उजेडाचा तो अंदाज घेते आणि त्या हिशोबानं चित्र कमी-जास्त करते. एलईडी वॉल झगझगीत, म्हणून त्यानं सगळंच कमी केलं आणि तुमची ताई गेली अंधारात. हळदीतही तसंच, मांडव पिवळा, साड्या पिवळ्या, गालावर हळद पिवळी, त्याला वाटलं उजेडच जास्त पिवळा आहे, मग त्यानं निळा ओतला.

लुकलुकण्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती मामाच्या बॅगेतून आली. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकवाली ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, डोळ्याला दिसत नाही एवढंच. अमेरिकेतला कॅमेरा तिथल्या ६० हर्ट्झच्या हिशोबानं सेकंदाला ६० चित्रं घेते आणि दोघांचा ठेका जुळत नाही. मेनूत शटर स्पीड (एका चित्रासाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेते ते) असेल तर १/१०० सेकंद करून टाका, बरेचदा तेवढ्यानं थांबते, चित्र जरासं काळं होईल पण चालते. आणि हो, चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलं आहे का ते आत्ताच बघा, लग्नाच्या दिवशी धूर निघाल्यावर नको.

रंगासाठी व्हाइट बॅलन्स, म्हणजे या उजेडात पांढरं कशाला म्हणायचं ते, कॅमेऱ्याला हातानं सांगायचं. जिथे ताई बसणार आहे तिथेच, त्याच उजेडात, कुणाला तरी कोरा पांढरा कागद धरायला लावा, झूम करून पूर्ण फ्रेम कागदानं भरा आणि वन पुशचं (व्हाइट बॅलन्स पक्का करायचं) बटण दाबा. आता कॅमेरा मांडवाचा पिवळेपणा काढेल पण गालावरची हळद पिवळीच ठेवेल. गोरज मुहूर्तात गंमत अशी की मे महिन्यात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या आसपास मावळते, म्हणजे मंगलाष्टकं उजेडात सुरू झाली तरी ताईनं हार घालेपर्यंत सगळं लॉनच्या लाईटवर आलेलं असते, आणि वरातीत नाचणाऱ्यांनी उशीर केला (करतातच) तर मुहूर्तच अंधारात. म्हणून कागद खिशात घडी करून ठेवा, दोनदा लागणार.

आता अंतरपाट. सगळ्यात जास्त घोळ इथेच होते. पांढरंशुभ्र कापड मधोमध धरलेलं, कॅमेरा म्हणते बापरे किती उजेड, आणि चित्र काळं करते. स्वस्तिक एकदम स्पष्ट, कापडाची घडी न घडी दिसते, आणि बाजूला ताईचा चेहरा म्हणजे नुसता डाग. मग शेवटचं ‘सावधान’, अंतरपाट खाली, अक्षता उडाल्या, आणि त्या दोन-तीन सेकंदांत कॅमेरा चित्र वर-खाली करत बसते, जे दोन-तीन सेकंद आईला आयुष्यभर बघायचे आहेत. उपाय सोपा आहे, अंतरपाट धरायच्या आधी ताईच्या चेहऱ्यावर झूम करा, एक्सपोजर (चित्राचा उजळपणा) मॅन्युअल करून चेहरा नीट दिसेल एवढं ठेवा, आणि परत वाइड या. स्पॉट मीटर (एकाच जागेचा उजेड मोजायची सोय) असेल तर स्क्रीनवर चेहऱ्याला बोट लावलं की झालं. कापड जळल्यासारखं पांढरं दिसेल, दिसू द्या, कापडाचं लग्न नाही. फोकसपण मॅन्युअल करा नाहीतर अक्षतांच्या पावसात तो शोधत फिरेल, होमाच्या धुरातही तेच.

उभं कुठे राहायचं हे मात्र बटणांपेक्षा महत्त्वाचं. पैसे देऊन आणलेल्या व्हिडिओवाल्याचा मोठा लाईट ज्या बाजूला, त्याच बाजूला तुम्ही, त्याच्या खांद्यामागे. समोरून उभे राहिलात तर तो लाईट सरळ तुमच्या लेन्समध्ये. त्याच्याशी सकाळीच चहा पिऊन ओळख करून ठेवा, दादा मी आडवा येणार नाही म्हणून सांगा, बहुतेक जण जागा देतात. आणि लांबून झूम नको, जवळ जा. घरगुती कॅमेऱ्याची लेन्स वाइडला एफ १.८ (हा आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड कमी) असेल तर पूर्ण झूमला एफ ३.४ किंवा त्याहून वर जाते, म्हणजे उजेड साधारण चौथा हिस्सा. मग कॅमेरा गेन वाढवते, म्हणजे कमी उजेडाचं चित्र जबरदस्तीनं उजळ करते, आणि पडद्यावर मुंग्या. नवरीच्या भावाला स्टेजवर चढायला कोण अडवते?

वरातीत नाइटशॉटसारखं (अंधारात शूटिंग करायचं) काही चालू करू नका, घोड्यासकट भाऊजी हिरवे येतील. डीजेच्या लेझरकडे लेन्स तर अजिबातच नको, सरळ सेन्सरवर पडला तर कायमचा डाग राहू शकते.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. चुलत भावाच्या लग्नात रेकॉर्डचं बटण घाईत दोनदा दाबलं गेलं, म्हणजे कन्यादान चालू असताना कॅमेरा बंद आणि मी कॅमेरा खाली केला तेव्हा चालू. घरी बघतो तर सतरंजी, चपला आणि एका काकांचे मोजे, पावणेपंधरा मिनिटं. तेव्हापासून स्क्रीनवरचा लाल ठिपका बघितल्याशिवाय मी श्वास घेत नाही.

प्रश्न : दादा, आमच्या मुलाच्या लग्नाचं शूटिंग घरीच केलं, चित्र छान आलं पण मंगलाष्टकं ऐकूच येत नाहीत, नुसती घरघर. काय चुकलं?
— वरमाई, महाल

उत्तर : ताई, कूलर! लॉनवरच्या त्या ड्रमएवढ्या कूलरसमोर तुमच्याकडचा शूटिंगवाला गारव्याला उभा असणार, माणूस आहे तो, ४४-४५ डिग्रीत काय करेल. कॅमेऱ्याचा माइक जवळचा आवाज आधी धरते. आता त्यातून मंगलाष्टकं वेगळी काढणं कठीण आहे, पण एखाद्या नातेवाइकानं मोबाइलवर समोरून व्हिडिओ घेतलाच असेल, त्याचा आवाज तुमच्या चित्राखाली लावता येते, अक्षता पडताना जुळवायचा. आधी जावयांना विचारा, त्यांना पुढच्या रांगेत बसवलेलं असते.