वहीतले खोटे आकडे

प्रश्न : मी २४ वर्षांची असून अकराव्या वर्षापासून मला टाइप १ मधुमेह आहे. दोन वर्षांपासून नोकरीसाठी पुण्यात मैत्रिणींबरोबर राहते. पूर्वी आई सगळे पाहायची. आता तपासणे, मोजणे, टोचणे यांचा इतका कंटाळा आला आहे की आठवड्यातून दोन-तीन रात्री मी इन्सुलिन घेतच नाही. मध्यंतरी पहाटे शुगर ४८ पर्यंत उतरली होती, तेव्हापासून रात्रीच्या इंजेक्शनची भीतीही बसली आहे. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री वहीत महिन्याभराचे आकडे मनाने भरते. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ९.८ आले तेव्हा “एवढी शिकलेली असून असं कसं?” असे त्यांनी विचारले. त्यानंतर मी गेलेच नाही. मदत कोणाकडे मागू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मनाने भरलेली वही आम्हाला बहुधा ओळखू येते. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेल्या असतात, आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपतात आणि खऱ्या वहीच्या पानांवर बोटाच्या रक्ताचे जे बारीक तपकिरी ठिपके पडलेले असतात, ते कुठेच दिसत नाहीत. अशी वही समोर आली की मी एवढेच समजते, की हिला ओरडा खाण्याची धास्ती वाटते आहे. तुम्हाला विचारला गेलेला प्रश्न मला मुळीच पटलेला नाही. तेरा वर्षे, एकही सुट्टी न घेता, जेवणाच्या प्रत्येक घासाचा हिशेब ठेवणारे माणूस थकते, आणि शिक्षणाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मात्र रात्रीचे इन्सुलिन चुकवणे आजपासूनच थांबायला हवे. टाइप १ मध्ये स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केलेल्या असतात, त्यामुळे तुम्ही काही न खाता झोपलात तरी दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनची गरज संपत नाही. ते मिळाले नाही तर शरीर चरबी जाळू लागते आणि त्यातून तयार होणारी कीटोन नावाची आम्ले रक्तात साचू लागतात. शुगर चढलेली असताना उलट्या, पोटदुखी, धाप किंवा श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास यांपैकी काहीही जाणवले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

अर्थात ज्याला भीती वाटते त्याला नुसते “घ्यायलाच हवे” असे सांगून भागत नाही. ७० च्या खाली शुगर गेली की उपाय करावा लागतो. ४८ ला कोणीही घाबरेल. पण त्या पहाटेमागे काही कारण असणार, आणि ते शोधता येते. रात्रीच्या जेवणाचा डोस जास्त झाला होता का, संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त चालणे झाले होते का, हे आठवून पाहा. बेंबीच्या आजूबाजूला, जिथे रोज टोचता तिथे, बोटांनी हलकेच दाबून पाहा. रबरासारखी गाठ लागली तर त्या जागी इन्सुलिन कधी कमी, कधी जास्त शोषले जाते आणि शुगर मनमानी करते. जागा बदलावी लागते. बदलताना डोस बहुधा कमी करावा लागतो, म्हणून तो डॉक्टरांना विचारूनच ठरवा. भेट लांबची असेल तर आजच फोन करून तोपर्यंतचा रात्रीचा डोस विचारून घ्या.

भेटीला जाताना वही अर्धी कोरी असली तरी तशीच न्या आणि बसल्याबसल्या एकच वाक्य बोला : “मला आठवड्यातून दोन-तीन रात्री इन्सुलिन घेववत नाही, कारण भीती वाटते.” बोलवत नसेल तर कागदावर लिहून पुढे करा. यावरही व्याख्यानच ऐकावे लागले तर संकोच न करता डॉक्टर बदला. या थकव्याला वैद्यकात ‘डायबिटीज डिस्ट्रेस’ असे स्वतंत्र नाव आहे. ते नैराश्य नव्हे, पण दोन्ही एकत्र असू शकतात. कशातच मन लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते.

खोलीतल्या एका मैत्रिणीला सगळा इतिहास सांगण्याची गरज नाही. तिला चार गोष्टी दाखवून ठेवा : ग्लुकोजचा डबा कुठे आहे, शुगर उतरली तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, आणि शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यायचे.

नागपूरचा ड्रीम ट्रस्ट, छत्रपती संभाजीनगरची उडान यांसारख्या संस्थांनी टाइप १ असलेल्या मुलांसाठी वर्षानुवर्षे काम केले आहे. पुण्यात टाइप १ असलेल्यांचे मेळावे कुठे भरतात, याची चौकशी मधुमेह तज्ज्ञांकडे करा. अशा ठिकाणी एखादी मुलगी गप्पा मारता मारता कुर्त्याची कड जरा वर करून टोचून घेते आणि कोणी मान वळवूनही पाहत नाही, हे एकदा तुम्ही अनुभवावे असे मला वाटते.

आणि आई. तिच्यापासून लपवण्यापेक्षा तिला एक काम द्या. रात्री दहाला तिने फोन करायचा आणि “घेतलंस का?” एवढेच विचारायचे; “किती आली?” हा प्रश्न बंद. ही अट तिला नीट समजावून सांगा, कारण आकडा विचारायची तिचीही तेरा वर्षांची सवय आहे.