इंग्रजी भाषणाला उभी राहिली की गप्प होते

“मॅडम, मराठी वक्तृत्वात हिचा नंबर ठरलेला. इंग्रजीत उभी राहिली की तोंडातून शब्द फुटत नाही. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?”

साताऱ्यात अकरावीचे प्रवेश उरकले की हा प्रश्न येतोच. दहावीपर्यंत सेमी इंग्लिश, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळा कारभार मराठीत. मग कॉलेजात एकदम इंग्लिश इलोक्युशन. अशाच एका मायलेकींबद्दल लिहिते; ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी कास रस्त्यावरच्या गावातली. भाषणाचा विषय कास पठार आणि पर्यटन. वहीतलं पहिलंच वाक्य, ‘बायोडायव्हर्सिटी इज इम्पेरेटिव्ह फॉर द सस्टेनन्स ऑफ मॅनकाइंड.’ अवघड शब्दांवर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेले, ‘इम्पेरेटिव्ह’खाली दोन रेघा. भाषण मावसभावाने नेटवरून जुळवून दिलेलं. ती नेमकी त्या रेघांपाशी अडखळायची आणि पुढचं सगळं विसरायची.

मी वही बाजूला ठेवली. “पर्यटक काय करतात गं तिथे? मराठीतच सांग.”

“काय करणार! फुलं बघायला येतात आणि फुलांवरच फतकल मारतात. फोटो काढला की चालले घरी.”

“आता हेच इंग्रजीत.”

थोडी खटपट झाली, पण निघालं: ‘दे कम टू सी द फ्लॉवर्स. दे सिट ऑन द फ्लॉवर्स. दे गो होम विथ अ फोटो.’

तिन्ही वाक्यांची सुरुवात सारखी आणि शब्द पाचवीतल्या पोराला कळतील असे. ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांचं दुसऱ्या महायुद्धातलं 4 जून 1940 चं भाषण तिला ऐकवलं. ‘वी शॅल फाइट’ पुन्हा पुन्हा येतं, आणि लढायचं कुठे तर समुद्रकिनाऱ्यावर, शेतात, रस्त्यात, डोंगरात. सगळे साधे शब्द. (आपल्या देशाबद्दल हा गृहस्थ काय बोलला ते विसरायचं कारण नाही, पण तंत्र शिकायला हरकत नसावी.) अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचं 28 ऑगस्ट 1963 चं वॉशिंग्टनमधलं ‘आय हॅव अ ड्रीम’सुद्धा असंच. ते पालुपद त्या दिवशीच्या लिखित मसुद्यात नव्हतं. आधीच्या भाषणांत वापरलेलं होतं, ते आयत्या वेळी कामी आलं. पालुपद ऐकणाऱ्याच्या मनात ठसतं हे खरंच, पण घाबरणाऱ्या मुलांसाठी दुसरा फायदा मोठा. ओळखीचे शब्द उच्चारताना पुढचा मुद्दा आठवायला उसंत मिळते.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने पटवून देण्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. आपल्या स्पर्धांत दुसऱ्या साधनाचाच भडिमार असतो. हात हवेत, आवाज कापरा. या मुलीकडे पहिलं साधन आयतं होतं. ‘या गाड्या आमच्या दारावरून जातात’ हे तिच्या कॉलेजात किती जण म्हणू शकतील? युक्तिवादाला 2012 ची युनेस्कोची मान्यता होतीच. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कास आहे. मावसभावाच्या मजकुरात एक भलीमोठी टक्केवारीही होती. कुठून आली ते कुणालाच सांगता येईना, म्हणून ती काढायला लावली.

“आणि मध्येच विसरले तर?”

चर्चिलही विसरले होते. 1904 साली हाउस ऑफ कॉमन्समध्ये पाठ केलेलं भाषण मध्येच अडलं आणि त्यांना खाली बसावं लागलं. त्यानंतर ते टिपणं जवळ ठेवूनच बोलत. ‘स’चा उच्चारही त्यांना नीट जमत नसे, हे कळल्यावर मुलीची उच्चारांची धास्तीही थोडी ओसरली. आम्ही पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार मुद्दे लिहिले, वाक्य एकही नाही. सराव आईसमोर. आईला इंग्रजी येत नाही, तरी लेक कुठे घाई करते ते तिला अचूक कळायचं.

स्पर्धेत ती एकदा थांबली, कागद पाहिला आणि पुढे बोलली. नंबर आला नाही.

आईचा प्रश्न अजून तोच, क्लासचा. ताई, व्याकरणासाठी खुशाल लावा. फक्त फी भरण्याआधी एवढं विचारा: मुलांकडून भाषण लिहून घेता की छापील देता? छापील देत असतील तर पैसे वाचवा.