संशोधन कंपनीतील कर्मचाऱ्यांचे अनुभव कसे वाचावेत? : एका पालकांच्या पत्राला उत्तर

आदरणीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपले इचलकरंजीहून आलेले सविस्तर पत्र मिळाले. आपल्या कन्येने कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केले असून पुण्यातील एका बाजार-संशोधन व सल्लागार कंपनीने तिला ‘रिसर्च असोसिएट’ म्हणून वार्षिक ४ लाख २० हजार रुपयांवर घेण्याची तयारी दाखवली आहे. मात्र त्यासाठी दोन वर्षांचा बाँड, म्हणजे तेवढी सेवा न करता सोडल्यास ठरलेली रक्कम भरण्याचा करार, आणि मूळ पदवी प्रमाणपत्रे मागितली आहेत. त्या कंपनीतील आजी-माजी कर्मचाऱ्यांचे साठेक अनुभव तिने वाचले, तेव्हा निम्म्यांनी ‘शिकायला भरपूर मिळते’ असे लिहिलेले आढळले आणि उरलेल्यांनी ‘कॉपी-पेस्टचा कारखाना’ असे. यांतले खरे कोणते मानावे, आणि त्यापेक्षा घरी राहून बँकेच्या परीक्षांची तयारी करणे बरे का, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच कामात आहे. आपण गेली बावीस वर्षे सायझिंगचे, म्हणजे विणण्यापूर्वी सुताला खळ लावणाऱ्या कारखान्याचे, हिशेब सांभाळता. नव्या व्यापाऱ्याला उधारीवर काम करून द्यायचे झाले, की त्याची पत बाजारात विचारली जाते. तेव्हा ज्याचे पैसे अडकले आहेत तो सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात बोलतो, ज्याला त्या व्यापाऱ्याशी पुढेही संबंध ठेवायचा आहे तो गोड बोलतो, आणि ज्याचे व्यवहार वेळच्या वेळी मिटले तो मुद्दाम विचारल्याखेरीज काहीच बोलत नाही. आपण तिघांचेही ऐकता, पण प्रत्येकाच्या बोलण्याचे वजन निराळे धरता. नोकरीतले अनुभवही असेच वाचावे लागतात. नुकताच राजीनामा देऊन बाहेर पडलेला मनुष्य राग ताजा असताना लिहितो, काही ठिकाणी नव्याने रुजू झालेल्या मुलांना चार चांगले शब्द लिहायला सुचवले जाते, आणि मधली तीन-चार वर्षे शांतपणे काम केलेली मंडळी त्यात क्वचितच दिसतात.

आपल्या कन्येला हे तिच्या विषयाच्या भाषेत लगेच पटेल. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी लोकांना चाचणी-पत्रिका पाठवल्या, त्यांतल्या वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या, आणि त्यांच्या आधारे रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकतील असे भाकीत केले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट प्रचंड मताधिक्याने निवडून आले. नावे मुख्यतः टेलिफोनधारकांच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून उचललेली होती, आणि ज्यांनी पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेतली त्यांचा कलही बाकीच्यांसारखा नव्हता. वीस लाखांचा नमुना जिथे फसला, तिथे साठ अनुभवांची सरासरी काढून ‘पाचपैकी साडेतीन’ अशा आकड्यावर नोकरीचा निर्णय घेऊ नये. तिने एका तक्त्यात प्रत्येक अनुभवापुढे लिहिणाऱ्याचा विभाग, तिथे काढलेला काळ आणि लिहिल्याचे वर्ष मांडावे. माझा अंदाज असा, की ‘निम्मे-निम्मे’ दिसणारा वाद त्या तक्त्यात बराचसा विभागवार फुटेल.

तो तसा का फुटतो, हे कामाचे स्वरूप पाहिल्यावर कळते. अशा कंपन्यांत एका छताखाली निदान तीन निरनिराळ्या नोकऱ्या चालतात. एक गट तयार अहवाल लिहितो : उदाहरणार्थ औद्योगिक गाळण्यांची, म्हणजे फिल्टरची, जागतिक बाजारपेठ आज केवढी आहे आणि पाच वर्षांनी केवढी असेल. असा एकच अहवाल परदेशातील अनेक ग्राहकांना प्रत्येकी काही हजार डॉलरना विकला जातो. दुसरा गट एकाच ग्राहकाच्या नेमक्या प्रश्नावर काम करतो. या देशात कारखाना काढावा का, अमुक पुरवठादार विकत घ्यावा का, असे ते प्रश्न असतात, आणि अहवालापेक्षा ग्राहकासमोर द्यावी लागणारी उत्तरे अवघड असतात. तिसरा गट विक्रीचा. त्याचे ग्राहक बहुतांशी अमेरिकेत व युरोपात असल्याने त्याचा दिवस आपल्या संध्याकाळी सुरू होतो. रात्रपाळी आणि टार्गेट यांविषयीच्या ज्या कडवट तक्रारी तिने वाचल्या, त्या बऱ्याचशा या गटाच्या असू शकतील.

पहिल्या गटातही काम दोन प्रकारे होते. कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि सीमाशुल्काची आयात-निर्यात आकडेवारी वाचायची, उद्योग-संघटनांची प्रकाशने धुंडाळायची, त्यानंतर त्या धंद्यातील उत्पादक, वितरक व खरेदी-अधिकारी यांना फोन करून आकडे ताडून पाहायचे, आणि वरून, म्हणजे एकूण बाजारापासून, व खालून, म्हणजे एकेका कंपनीची विक्री जोडत, अशा दोन्ही बाजूंनी काढलेली बेरीज जुळते का ते तपासायचे, हा एक प्रकार. तो ज्याने वर्षभर मन लावून केला, त्याला ‘शिकायला भरपूर मिळते’ असेच वाटेल. दुसऱ्या प्रकारात जुन्या अहवालातील वर्षे बदलली जातात, बाजाराचा आकार कुठून तरी उचलला जातो आणि वाढीचा एक दर त्याला चिकटवला जातो. १०० कोटींचा बाजार दरसाल १० टक्के चक्रवाढीने वाढला तर पाच वर्षांत १६१ कोटींचा होतो, हे गणित कोणालाही जमते. ते १०० कोटी कुठून आले आणि १० टक्केच का, याचे उत्तर देता येणे हे संशोधन.

समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी स्वतः अशा कंपनीत काही वर्षे काम केले आहे. तेथे एका अहवालासाठी मला मुलाखतींतून पुरेशी उत्तरे मिळाली नव्हती आणि मी तसे वरिष्ठांना कळवले. ‘आकडा टाक, ग्राहक विचारणार नाही,’ असे उत्तर मिळाले, आणि मी तो टाकला. दोन महिन्यांनी ग्राहकाने विचारले, तेव्हा त्या बैठकीत उत्तर द्यायला मी एकटाच होतो. ही खंत आजही माझ्या मनात आहे, आणि म्हणूनच पगाराच्या आधी तिने हाच प्रश्न विचारावा असे मला कळकळीने वाटते : आकडा मिळाला नाही तर येथे काय करतात? मुलाखत घेणाऱ्या व्यवस्थापकालाच हे नम्रपणे विचारता येईल. त्याबरोबर एका असोसिएटकडे वर्षाला किती अहवाल येतात, एका अहवालासाठी किती फोन-मुलाखती अपेक्षित असतात आणि लिहिलेले कोण तपासते, हेही विचारावे. आकड्यांत स्पष्ट उत्तर मिळाले तर ते साठ अनुभवांपेक्षा मोलाचे आहे. शिवाय विद्यापीठातील वरच्या वर्गांतून ओळख काढून, दोन वर्षे काम करून चांगल्या रीतीने बाहेर पडलेल्या एखाद्या व्यक्तीशी तिने अर्धा तास बोलावे. आपल्या बाजारात मुद्दाम विचारल्याखेरीज गप्प राहणारा जो व्यापारी असतो, तोच हा.

पगाराबाबत एक खुलासा आवश्यक आहे, कारण आपण ४ लाख २० हजारांना बाराने भागून दरमहा ३५ हजार धरले आहेत. आपण पाठवलेल्या तपशिलाप्रमाणे त्यातील ४२ हजार कामगिरीवर अवलंबून आहेत, आणि भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा वाटा व ग्रॅच्युइटीची तरतूदही त्याच रकमेत धरलेली आहे. तिचा स्वतःचा निधीचा हप्ता आणि व्यवसाय कर वजा जाता हातात महिन्याला सत्तावीस हजारांच्या आसपास येतील. पुण्यातील खोली, खानावळ आणि प्रवास यांचा हिशेब याच आकड्यावर मांडावा.

मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही परिस्थितीत कंपनीकडे ठेवू नयेत. पडताळणीसाठी दाखवावीत, साक्षांकित प्रती द्याव्यात आणि मूळ प्रती त्याच दिवशी घरी आणाव्यात. यावर कंपनी अडून बसली तर मी ती नोकरी नाकारण्याचा सल्ला देईन. बाँडचे प्रकरण थोडे निराळे आहे. ‘बाँडला कायद्यात काही अर्थ नसतो’ असे आपल्याला कोणी सांगितले असले, तरी त्यावर विसंबू नका. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम २७ मुळे नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्यावर घातलेली बंदी सहसा टिकत नाही; परंतु नोकरीत असतानाच्या किमान सेवेची अट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा, अन्यथा दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली आहे. म्हणून रक्कम किती, ती काळानुसार कमी होते का आणि कंपनीनेच कामावरून काढले तर काय, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे.

बँकेच्या परीक्षांविषयी माझे मत असे, की संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थिनीने परीक्षाच द्यायची असेल तर संघ लोकसेवा आयोगाची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा आधी पाहावी. या परीक्षेसाठी वयोमर्यादा साधारणपणे २१ ते ३० अशी आहे आणि तिच्या प्रश्नपत्रिकांचे बरेचसे विषय कन्येने नुकतेच अभ्यासलेले आहेत. कंपनीतले प्रश्न विचारून समाधान झाले, तर दीड-दोन वर्षे नोकरी करूनही ही परीक्षा देता येईल. समाधान झाले नाही, तर याच वर्षी पूर्णवेळ अभ्यासाला लागावे.

कंपनीने उत्तरासाठी दिलेल्या मुदतीला अजून दहा दिवस आहेत. प्रमाणपत्रे आणि बाँड यांविषयीचा ई-मेल तिने स्वतःच्या नावाने पाठवावा. आपण कृपया कंपनीला फोन करू नये, कारण हे बोलणे तिचे आहे. बाँडचा मसुदा हाती आला की त्याची प्रत मला पाठवा, मी वाचून कळवतो.

आपला,
करिअर समुपदेशक