डेबियनची कोणती आयएसओ उतरवायची?

(डेबियन ही विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत लिनक्स प्रणाली. आयएसओ म्हणजे ती इन्स्टॉल करायची फाइल.)

प्रश्न : लॅपटॉपमध्ये इंटेलचा प्रोसेसर आहे, पण डाउनलोडच्या पानावर 'एएमडी६४' आणि 'एआरएम६४' एवढंच दिसतं. इंटेलची फाइल कुठे आहे?

एएमडी६४ हीच तुमची फाइल. ६४ बिटची ही रचना एएमडी या कंपनीने आखून २००३ मध्ये बाजारात आणली, पुढे इंटेलनेही तीच स्वीकारली. नाव मात्र पहिल्या घरचंच राहिलं. एआरएमच्या वाटेला जाऊ नका, ती वेगळ्याच जातीच्या प्रोसेसरसाठी असते.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर ३२ बिटचं विंडोज आहे. त्यासाठी?

आधी प्रोसेसरचं मॉडेल बघा. कितीतरी मशीन मुळात ६४ बिटची असतात, विंडोज तेवढं ३२ बिटचं टाकलेलं असतं. खरंच ३२ बिटचं निघालं, तर डेबियन १२ ची 'आय३८६' (म्हणजे ३२ बिटची) नेटइन्स्ट घ्या, म्हणजे बाकीचं नेटवरून उतरवणारी छोटी आयएसओ. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यासाठी इन्स्टॉलरच नाही.

प्रश्न : नेटइन्स्ट, डीव्हीडी, लाइव्ह... यातलं काय घेऊ? गावाकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं.

नेटइन्स्ट एक जीबीच्या आत असते म्हणून लोक तीच उचलतात. पण तिच्यात फक्त पाया असतो. डेस्कटॉप इन्स्टॉल करताना नेटवरून उतरतो. मध्येच रेंज गेली की अडकलात. तुम्ही तालुक्याच्या गावी, चांगलं वायफाय असेल तिथे बसून डीव्हीडी-१ उतरवून आणा. ती चार जीबीच्या आसपास आहे, पण डेस्कटॉप तिच्यातच असतो आणि नेटशिवाय काम उरकतं.

मशीन ओळखीचं नसेल तर मात्र मी लाइव्हच सुचवेन. डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच सगळं सुरू होतं. वायफाय, आवाज, टचपॅड नीट चालतात का ते तासभर वापरून बघा, पटलं तर तिथूनच इन्स्टॉल करा. वायफायसाठी वेगळी 'नॉन-फ्री' आयएसओ शोधा, असा जुना सल्ला अजून फिरतो. तो सोडून द्या. २०२३ च्या डेबियन १२ पासून वायफायला लागणारं 'नॉन-फ्री' फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्राम) अधिकृत आयएसओमध्येच येतं.

प्रश्न : आयएसओ पेनड्राइव्हवर कॉपी केली, तरी लॅपटॉप त्यावरून सुरू होत नाही.

कॉपी-पेस्ट केल्याने ती नुसती एक फाइल म्हणून पडून राहते. रुफस किंवा एचर या प्रोग्रामने ती 'लिहावी' लागते (पेनड्राइव्हवर आधी व्हेंटॉय हा प्रोग्राम टाकलेला असेल तर कॉपी पुरते). पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, फोटो आधी काढून ठेवा. लिहून झाल्यावर विंडोज कधी कधी 'फॉरमॅट करू का?' विचारतं. तिथे नाहीच म्हणा.

प्रश्न : चेकसम (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा) तपासलाच पाहिजे का?

हो, दर वेळी. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंट या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या साइटमध्ये घुसून हल्लेखोरांनी तिच्या १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या डाउनलोडची लिंक फिरवली. लोकांनी मिंट समजून चोरदरवाजा असलेली आयएसओ उतरवली. अर्धवट उतरलेली फाइलही चेकसमनेच पकडता येते. विंडोजमधली 'सर्टयुटिल' ही आज्ञा फाइलचा चेकसम काढून देते, तो साइटवरच्या चेकसमशी जुळवा. पण साइटमध्ये घुसणारा तिथला चेकसमही बदलू शकतो. म्हणून चेकसमच्या फाइलशेजारी तिची डिजिटल सही ठेवलेली असते. ती सही डेबियनच्या जाहीर चावीने (सही पडताळायच्या फाइलने) पडताळा आणि मगच आयएसओ पेनड्राइव्हवर लिहा.