पावसाचा खंड मॉडेलला आधी कळतो का?

प्रश्न : हंगामात सरासरीइतका पाऊस पडेल हा अंदाज खरा ठरला, पण मधले तीन आठवडे कोरडे गेले. मग अंदाजाचा उपयोग काय?

मॉडेलचा, म्हणजे वातावरणाचे गणित संगणकावर सोडवणाऱ्या प्रणालीचा, तो अंदाज हंगामाच्या बेरजेचा होता. एल निनोसारखे समुद्राचे बदल सावकाश होतात, म्हणून बेरजेबद्दल काही महिने आधी बोलता येते. आतले चढउतार मात्र बरेचसे वातावरणाचे. उष्णकटिबंधात त्यांचे एक मोठे कारण म्हणजे मॅडन आणि ज्युलियन या हवामानशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये दाखवलेले दोलन : ढगांचा विस्तीर्ण पट्टा विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकतो आणि साधारण ३० ते ६० दिवसांनी चक्र पुन्हा सुरू होते. त्याच्या आधारे खंडाची शक्यता दोन-तीन आठवडे आधी वर्तवता येते. हंगामाच्या सुरुवातीलाच कोणी खंडाची तारीख सांगत असेल, तर सरळ दुर्लक्ष करा.

प्रश्न : साऱ्या पृथ्वीचे जागतिक मॉडेल असताना एका भागापुरते प्रादेशिक कशाला?

मुख्यतः डोंगरांसाठी. मॉडेल नकाशाचे चौकटींत तुकडे करते आणि प्रत्येक चौकटीला एकच आकडा देते. १०० किलोमीटरच्या चौकटीत डोंगररांग सपाट होते. वाऱ्याकडची बाजू आणि पर्जन्यछाया यांतला फरक पुसला जातो. १०-१२ किलोमीटरवर तो दिसू लागतो. पण प्रादेशिक मॉडेलच्या चारही सीमांवरून वारा, बाष्प, तापमान हे सगळे जागतिक मॉडेलच पुरवते, बहुधा दर सहा तासांनी. तिथे बाष्प येण्याचा आठवडा चुकला, तर इथे चुकीच्याच आठवड्याचा सुबक नकाशा मिळतो.

प्रश्न : मॉडेलच्या आकडेवारीत जवळपास रोजच पाऊस दिसतो. खंड मोजायचा कसा?

हे जुने दुखणे. ढगांची वाढ चौकटीपेक्षा लहान असल्याने ती ठोकताळ्याने धरली जाते, आणि मॉडेल उठसूट भुरभुर पाडते. म्हणून शून्य मिलिमीटर हा निकष लावू नका. समजा, प्रत्यक्ष नोंदींत १०० पैकी ४० दिवस १ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस आहे. मॉडेलचे १०० दिवस उतरत्या क्रमाने लावा. चाळिसाव्या दिवसाचा आकडा, समजा ३ मिलिमीटर, हाच मॉडेलचा ‘पावसाळी दिवस’. हे प्रत्येक महिन्यासाठी वेगळे करा, आणि मागील वर्षांसाठी त्याच मॉडेलने काढलेले अंदाज वापरून. यातून दिवसांची संख्या सुधारते. कोरडे दिवस सलग येतात की विखुरलेले, ते मात्र आहे तसेच राहते; खंडासाठी नेमके तेच तपासायला हवे.

प्रश्न : चौकट तीन किलोमीटरची केली तर?

तासाभराच्या मुसळधार पावसासाठी जरूर करा. खंडासाठी मी तेवढीच संगणकक्षमता सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तोच अंदाज अनेकदा चालवण्यावर खर्च करीन; त्यांपैकी किती वेळा खंड दिसतो, त्यावरून त्याची शक्यता कळते.