वडिलांचा पीएसए ६.८ आलाय. कॅन्सर आहे की नुसती प्रोस्टेटची वाढ, हे रक्तावरून कळतं का?

नुसत्या रक्तावरून खात्रीने नाही कळत. पीएसए हा पदार्थ प्रोस्टेटच्या, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, साध्या पेशीही बनवतात आणि कॅन्सरच्याही. ग्रंथी वयोमानाने मोठी झाली तरी आकडा चढतो. ४ ते १० हा पट्टा सगळ्यात फसवा, आणि तुमच्या वडिलांचा आकडा नेमका तिथलाच.

अशा वेळी ‘फ्री पीएसए’ करून घ्या. रक्तातलं बरंचसं पीएसए प्रथिनांना चिकटलेलं असतं, थोडं मोकळं असतं. कॅन्सरमध्ये मोकळ्याचं प्रमाण सहसा घटतं. ६.८ पैकी फ्री १.९ असेल तर २८ टक्के. २५ च्या वर साध्या वाढीची शक्यता जास्त. तेच ०.६ असेल तर ९ टक्के, आणि १० च्या खाली गेलं की पुढचा तपास अजिबात लांबवू नका.

माझ्या वडिलांची लघवी तुंबली होती. कॅथेटर (लघवीची नळी) घातला त्याच आठवड्यात पीएसए काढलं, १८ आलं! दोन दिवस घरात कुणाला घास गेला नाही. दोन महिन्यांनी परत केलं तर ५ च्या आत. लघवीत इन्फेक्शन असलं तरी असंच होतं, तेव्हा आधी ते तपासा.

आणि हो, प्रोस्टेटच्या वाढीवरची फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी सहा महिन्यांपासून चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिने आकडा साधारण निम्मा दिसतो, म्हणजे ६.८ हा १३-१४ धरावा लागेल.

शंका उरलीच तर यूरॉलॉजिस्ट एमआरआय सांगतील. पक्कं निदान बायोप्सीनेच, म्हणजे प्रोस्टेटचा छोटा तुकडा काढून तपासल्यावरच होतं.